फक्त केळी

आमच्या वेळेपर्यंत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात पाऊल टाकले की जो भेटेल तो एकच प्रश्न विचारी, "तुझे स्पेशल काय?" पहिल्या वर्षी आम्ही सगळेच जनरल असायचो. थोडे मराठी, थोडा इतिहास, थोडे राज्यशास्त्र. जेवणाच्या ताटात जसे सगळे थोडे थोडे वाढलेले असते, तसे ते वर्ष. दुसऱ्या वर्षी मात्र एका वाटीवर बोट ठेवायचे. आता नव्या धोरणात 'स्पेशल'ला 'मेजर' म्हणतात, पण बोट ठेवणे काही सुटलेले नाही.

माझ्यावर ही वेळ आली ती २०२० च्या पावसाळ्यात. कॉलेज बंद, वर्ग मोबाइलवर, आणि विषयाचा फॉर्मही मोबाइलवरच भरायचा. मला मराठी आवडे, इतिहास आवडे, आणि मानसशास्त्राचा तास तर मी कधी बुडवला नव्हता. एक धरावे तर दोन सुटत होते. रात्री जेवताना वडिलांना विचारले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी भाकरी मोडता मोडता एवढेच म्हटले, "उद्या माझ्या गाडीवर मागे बस. घरात बसून डोके शिणवू नकोस." त्या गाडीवरच्या फेरीबद्दल मला लिहायचे आहे, पण त्याआधी अण्णांबद्दल लिहिल्याशिवाय ते कळायचे नाही.

अण्णांचा व्यवसाय सांगताना लहानपणी माझी फार पंचाईत होई. शाळेच्या फॉर्मवर आई 'सल्लागार' असे लिही. पाचवीत वर्गशिक्षकांनी विचारले, "कसला सल्लागार?" मी उभा राहून म्हणालो, "सगळ्याचा." वर्ग हसला. मला अजून वाटते की मी त्या दिवशी अगदी बरोबर उत्तर दिले होते.

अण्णा मूळचे शिंदखेडा तालुक्यातले. कोरडवाहू जमीन, बाजरी आणि कापूस, आणि आभाळाकडे लागलेले डोळे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले, खताच्या एका कंपनीत विक्रीच्या कामाला लागले आणि फिरत फिरत रावेर-यावलच्या पट्ट्यात आले. धुळ्याकडचा माणूस या भागात प्रथम आला म्हणजे त्याला केळी दिसत नाही, पाणी दिसते. सातपुड्याच्या पायथ्याची ही जमीन, विहिरींवरच्या मोटारी, आणि बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या बागा. अण्णा सांगतात की पहिले काही दिवस त्यांना त्या हिरवेपणाचा रागच यायचा. पुढे नोकरी सोडून त्यांनी सावद्याला एक गाळा भाड्याने घेतला आणि वर पाटी लावली : 'शेती सल्ला केंद्र – सर्व पिकांसाठी'.

'सर्व पिकांसाठी' ही अक्षरे मोठी होती आणि अण्णांना त्यांचा अभिमान होता. कापसावर मावा पडला, या. हरभऱ्याला मर लागली, या. मिरची बोकडली, गव्हावर तांबेरा दिसला, लिंबाची फुले गळाली, या. आणि केळी तर होतीच. मुलखाचे पीकच ते. सल्ल्याचे पैसे मात्र कोणी देत नसे आणि कोणी मागतही नसे. सल्ला फुकट, बाटली विकत, अशीच आपल्याकडच्या कृषी केंद्रांची रीत आहे. म्हणजे सल्ल्याची किंमत बाटलीत मिसळलेली असते. ज्याला काहीच फवारायची गरज नाही त्याला "काही फवारू नको" असे सांगितले की दुकानदाराचा दिवस बुडाला. अण्णा असे बरेच दिवस बुडवत, आणि महिनाअखेर आईच्या हिशेबाच्या वहीत ते दिवस बरोबर सापडत.

तो फोन आला २०११ च्या जुलैत. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि गाळ्यात खोक्यावर बसून गृहपाठ करत होतो, म्हणून हे मला ऐकीव नाही, आठवते. फोन अण्णांच्या आतेभावाचा, म्हणजे माझ्या काकांचा, शिंदखेड्याकडून. मक्यात रुंद पानांचे तण माजले होते. अण्णांनी टू-फोर-डी सांगितले, प्रमाण सांगितले, वारा नसताना मारा म्हणून सांगितले. त्याच वेळी समोर एक जण मिरचीची रोपे हातात धरून उभा होता, आणि संध्याकाळी चिनावलला एक बाग पाहायला जायचे होते, तिचा मालक मोटरसायकल सुरू ठेवून बाहेर थांबला होता. सगळे मिळून दोन मिनिटांचे बोलणे झाले असेल.

काकांनी मक्यात औषध मारले, तण मेले. चार दिवसांनी त्याच पंपाने त्यांनी कापसावर मावा मारण्याचे औषध फवारले. पंप नुसत्या पाण्याने खळबळून घेतला होता. तणनाशकाचा तेवढा अंशही कापसाला सोसत नाही. तीन एकरांतली पाने बोटांसारखी अरुंद होऊन चिरली, शेंडे वळले, पात्या धरेनात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, नसेल तर धुण्याच्या सोड्याने पुनःपुन्हा धुवावा, आणि शेजारी कापूस असेल तर ते औषध हातातच घेऊ नये, हे अण्णांना ठाऊक नव्हते असे नाही. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून त्यांनी गुण मिळवले होते. सांगायचे राहिले, एवढेच झाले.

रविवारी अण्णा मला घेऊन तिकडे गेले. मला वाटले होते, भांडण होईल. काका काही बोलले नाहीत. शेतात नेले, एक झाड उपटून अण्णांच्या हातात दिले आणि पुढे चालू लागले. घरी आत्याआजीने नेहमीसारखा चहा दिला, नेहमीसारखी मला कुरकुरीत पापडाची चळत दिली. परतीच्या बसमध्ये अण्णा अमळनेर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. अमळनेरला बस थांबली तेव्हा म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते."

त्यांनी काकांना काही पैसे दिले. किती, ते आईलाही त्यांनी सांगितले नाही. पण दिवाळीनंतर त्यांनी पेंटर बोलावला. 'सर्व पिकांसाठी' या अक्षरांवर पांढरा हात फिरला आणि त्याजागी दोन शब्द आले : 'फक्त केळी'. पेंटरने रंगवता रंगवता विचारले, "साहेब, केळी विकणार की काय?" येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी निदान चौघांनी पुढे खरेच भाव विचारला.

आईची काळजी निराळी होती. पीक एक, गिऱ्हाईक थोडे, आणि आता बाटल्याही ठेवायच्या नाहीत म्हणजे काय? अण्णांनी ठरवले होते की माल विकायचा नाही, सल्ल्याचेच पैसे घ्यायचे, तेही हजार खोडांमागे ठरवून. आमच्याकडे बाग एकरात मोजत नाहीत, खोडांत मोजतात. पाच हजार खोड, दहा हजार खोड. पहिल्या वर्षी सात जण तयार झाले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बागाईतदाराने पैसे देताना नोटा दोनदा मोजल्या आणि म्हटले, "आजपर्यंत बोलायचे पैसे फक्त वकिलाला दिले होते." त्या वर्षी आमच्या घरी दूधवाल्याचे बिल तीन महिने थकले होते. हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे.

मला इथे अण्णांनी काय काय शिकून घेतले त्याची यादी द्यायची नाही. ते जळगावच्या केळी संशोधन केंद्रात चकरा मारत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला १९९३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, तिथेही एकदा जाऊन आले, आणि महिनाभर आम्हांला सांबाराच्या गोष्टी सांगत राहिले. काळही असा होता की केळीच बदलत होती. पूर्वी बसराईचे कंद लावायचे, पाटाने पाणी सोडायचे आणि दीड वर्ष वाट पाहायची. आता उतिसंवर्धनाची ग्रँड नैनची रोपे, ठिबकच्या नळ्या, नळीतूनच आठवड्याच्या हिशेबाने खत, आणि वर्षाच्या आत घड कापणीला. जळगावच्या मातीत ठिबक आणि उतिसंवर्धन रुजवण्यात भवरलाल जैन यांच्या उद्योगाचा केवढा वाटा आहे, ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. शेतकऱ्यांच्या हाती नवी साधने आली होती. कोणत्या आठवड्यात काय आणि किती, हे विचारायला मात्र माणूस हवा होता.

पण मला जाणवलेला बदल निराळाच. पूर्वी अण्णा चाळीस शेते एकेकदा पाहत. आता एकच बाग वर्षात पंचवीस वेळा पाहू लागले. त्यांच्याकडे प्रत्येक बागेची एक वही झाली. तिच्यात पाने मोजलेली असत. केळीचा घड बाहेर पडताना झाडावर निदान बारा-तेरा निरोगी पाने हवीत, नाहीतर फण्या भरत नाहीत. म्हणून जूनच्या मृगबागेचे आणि ऑक्टोबरच्या कांदेबागेचे आकडे वेगवेगळ्या पानांवर. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की वाढ अडते, पानांवर चरका येतो. त्या रात्री कोणी पाणी दिले, कोणी बांधावर धूर केला, कोणी झोपा काढल्या, तेही लिहिलेले. मी एकदा चाळून पाहिली. त्यात एका ठिकाणी नुसते लिहिले होते : 'मी मागल्या खेपेस चुकलो. पोटॅश लवकर दिले.' सर्व पिकांच्या काळात अशी ओळ लिहायला त्यांना सवड नव्हती. चूक कळायला त्याच शेतात परत जावे लागते.

हे झाले जमेच्या बाजूचे. खर्चाच्या बाजूला काय पडले, ते मला घरातल्या टेलिफोनवरून कळले. पूर्वी संध्याकाळी घरात अहिराणी ऐकू यायची. शिंदखेड्याकडचे, साक्रीकडचे, नात्यातले, बिननात्यातले फोन. हळूहळू ते थांबले. तिकडे केळी कुठून असणार? एका लग्नात त्याच काकांनी सगळ्यांदेखत अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हटले, "तू ते आते केळीना डॉक्टर व्हई गया भो! मंग आमना कापूसले कोन देखी?" सगळे हसले, अण्णाही हसले. घरी आल्यावर ते उपाशीच झोपले. पुढे २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापसाची दैना केली तेव्हा काकांचा फोन आला होता. अण्णांनी त्यांना कॉलेजातल्या एका मित्राचा नंबर दिला, तो कापसातला जाणकार होता. सल्ला म्हणून हे अगदी योग्य होते. तरी आपल्या माणसाच्या शेतासाठी आपल्याकडे फक्त दुसऱ्याचा नंबर असावा, हे त्यांना किती लागले ते मी जवळून पाहिले आहे. ज्या पिकावर ते वाढले, ज्याच्या पैशांतून धुळ्याची फी भरली गेली, तेच पीक त्यांनी पाटीवरून पुसले होते.

आता ती गाडीवरची फेरी. २०२० च्या जुलै-ऑगस्टचे दिवस. टाळेबंदीत केळीचे भाव आधीच पडलेले, त्यात सतत झिमझिम पाऊस, ढगाळ आणि सर्द हवा. या हवेत आमच्या भागातल्या कोवळ्या बागांवर कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू पसरला. लोक त्याला हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे येतात, पाने आखूड आणि वेडीवाकडी होतात, पोंगा सडतो. आम्ही गेलो ती बाग सहा हजार खोडांची होती. मालक बांधावर उभेच होते. पायाशी दोन रिकाम्या बाटल्या. कुणीतरी विकल्या होत्या, कुणी ते त्यांनी सांगितले नाही.

अण्णा मधून मधून वाकत, पान उलटे करत ओळीने चालले. मी मागून आकडे लिहीत होतो. चारशेच्या वर झाडे लागलेली होती. बाहेर येऊन अण्णांनी सांगितले, "ही उपटा. आजच. बागेबाहेर नेऊन पुरा."

"औषध सांगा साहेब," मालक म्हणाले.

"याला औषध नाही."

त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो. चारशे रोपांचे पैसे, लावणी, खत, दीड-दोन महिन्यांचे पाणी. ते मोठ्याने म्हणाले, "उपटाले तं कोनीबी सांगीन! मंग तुमाले पैसे कायचे देतो मी?"

अण्णांनी उत्तर दिले नाही. ते केळीकडे पाठ करून बांधाकडे गेले. मला वाटले, अपमान झाला म्हणून गेले. तर ते बांधावरच्या गिलक्याच्या वेलाची पाने उलटी करून पाहत होते. पलीकडे शेजाऱ्याची काकडी होती, तिच्यापुढे मिरचीचे दोन पट्टे होते. पानांखाली मावा बसलेला. हा विषाणू केळीत जन्मत नाही. तो काकडीवर, मिरचीवर, टोमॅटोवर, बांधावरच्या गवता-तणांवर राहतो, आणि मावा त्याला तोंडात धरून बागेत आणतो. केळी कितीही धुवून काढली तरी बांध तसाच राहिला तर पुढल्या आठवड्यात आणखी चारशे. अण्णांनी शेजाऱ्याला हाक मारली, त्याच्याशी मिरचीबद्दल अर्धा तास बोलले, मावा आटोक्यात आणायला काय करायचे ते सांगितले, वेल काढायला लावले. आणि निघताना त्याला विचारले, "तणनाशकाचा पंप वेगळा आहे ना?" तिथे तणनाशकाचा काहीएक विषय नव्हता.

परत येताना फैजपूरच्या अलीकडे चहाला थांबलो. अण्णा म्हणाले, "आज मिरचीवाला कामाला आला." मला आधी कळले नाही, कोण मिरचीवाला. मग कळले.

त्या बागेत नंतर आणखी अडीचशे खोडे उपटावी लागली. बाकीची वाचली. मालकांनी ठरलेल्या पैशांपैकी निम्मे दिले, निम्मे दिले नाहीत, आणि पुढच्या वर्षी लावणीच्या आधी स्वतः घरी येऊन बसले. अण्णांनीही मागील बाकी काढली नाही.

या फेरीने माझा प्रश्न सुटला असे मी म्हणालो तर ते खोटे होईल. फॉर्मची मुदत त्या रात्री बाराला संपत होती, रेंज फक्त गच्चीवर येत होती, आणि मी पावसात छत्री धरून 'मराठी' या शब्दावर बोट ठेवले. इतिहास त्या रात्री सुटला.

तो पूर्ण सुटला नाही, हे मला एम.ए.ला असताना धुळ्यात कळले. राजवाडे संशोधन मंडळात मी एका कामासाठी गेलो होतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले, आणि त्यांचे दप्तर तिथे जपले आहे. या गृहस्थांचे स्पेशल काय होते, हे कोणी सांगावे! 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत काढली, ती गावोगाव पायपीट करून. त्याशिवाय व्याकरण, धातू, गावांची नावे, विवाहसंस्थेचा इतिहास, ज्ञानेश्वरीची भाषा. जिथे हात घातला तिथे त्यांचे मत होते, आणि ते सौम्य नव्हते. त्याच धुळ्यात त्याच काळात शंकर श्रीकृष्ण देव नावाचे वकील होते. त्यांनी एक रामदास धरला. मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा केली, आयुष्यभर तेवढेच केले. समर्थ वाग्देवता मंदिरात ती आजही आहेत. एकाच गावात हे दोन नमुने! मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने अण्णांना दोघांबद्दल सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि राजवाड्यांना फी कोण देत असे?"

सध्या मी याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि पीएच.डी.साठी विषय शोधतो आहे. मी प्रथम सरांपुढे ठेवला तो असा : 'खानदेशातील बोली : एक अभ्यास'. सर हसून म्हणाले, "हा एक अभ्यास नव्हे, हे सात जन्म आहेत. एक बोली घ्या, एक तालुका घ्या, एक विषय घ्या." त्यांचे बरोबर आहे. आता कागदावर उरले आहे ते एवढेच : रावेर तालुक्यातल्या लेवा गणबोलीतली शेतीची शब्दसंपदा. नवती, पिलबाग, रास, पोंगा, असे शब्द मी अण्णांच्या वह्यांतून उतरवू लागलो आहे, आणि कामाला रंगही चढतो आहे. पण या कागदात माझ्या आजीची अहिराणी कुठेच बसत नाही. ज्या भाषेत मला पहिल्यांदा कुणी हाक मारली, ती सोडून मी शेजारच्या भाषेत तज्ज्ञ व्हायला निघालो आहे. विषयाचा अर्ज महिनाअखेर द्यायचा आहे, आणि रात्री मी तो अजून दोनदा-तीनदा उघडून पाहतो.

मागल्या आठवड्यात संध्याकाळी फोन वाजला. काका होते. या वर्षी त्यांनी बोअर मारले आहे, पाणी बरे लागले आहे, आणि पाऊण एकरात केळी लावून पाहायची म्हणतात. पंधराशे खोडदेखील बसायची नाहीत. अण्णा उभ्यानेच बोलू लागले, मग खुर्ची ओढून बसले. घरात कितीतरी वर्षांनी एवढा वेळ अहिराणी चालली होती. पाण्याचे सांगितले, रोपांचे सांगितले, धुळ्याकडचा वारा केळीला सोसायचा नाही, आधी कडेने शेवरी लावा म्हणून सांगितले. फीचा विषय निघाला नाही. बांधाला काय आहे म्हणून विचारले. कापूस आहे, असे तिकडून उत्तर आले असावे, कारण अण्णा जरा थांबले. मग त्यांनी विचारले, पंप किती आहेत.

"दोन," काका म्हणाले. हे मला इथवर ऐकू आले, इतक्या मोठ्याने ते म्हणाले.